कदमबाई आणि पायविहीर

कदमबाईंना म्हशीची फार भीती वाटायची. वाटेत म्हैस दिसली की बाई झटकन बांधावर चढायच्या, पदर कमरेला घट्ट खोचायच्या आणि ती पार नजरेआड होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. म्हैस बिचारी आपल्या नादात रवंथ करत निघून जायची. आम्ही पोरी हसून हसून बेजार व्हायचो. बाईसुद्धा हसायच्या, पण खाली उतरायच्या नाहीत. आज आमच्या गावात कुणी त्यांचं नाव काढलं की म्हातारी माणसं हात जोडतात. मला मात्र बाई आठवतात त्या अशा, बांधावर चढून उभ्या राहिलेल्या.

आमचं गाव पिरंगुटाहून भरे गावाकडं जाताना आत वळलं की लागतं. मुंबईचं राज्य मोडून महाराष्ट्र व्हायचा होता, त्या आगेमागे बाई आमच्या शाळेवर आल्या. वाईकडच्या. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, एवढंच गावाला कळलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उंच, काटक बाई. आवाज खणखणीत, पण गाता गळा अजिबात नव्हता. तरी प्रार्थना सगळ्यात मोठ्यानं त्याच म्हणायच्या. स्वयंपाकाच्या नावानं आनंद होता. भाकरी थापली की तिच्या कडा फाटायच्या, आणि बाई ती आम्हाला दाखवून म्हणायच्या, "बघा, हिंदुस्थानचा नकाशा."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणजे पोरांची राहत नसत, आयांची राहायची. गावात आम्हा सगळ्यांना बापाच्या नावानं ओळखत. बाई आईच्या नावानं हाक मारायच्या. मला त्या "काशीची" म्हणायच्या. माझ्या आईला जन्मात पहिल्यांदा कुणी असा मान दिला असेल. शाळेवरून जाताना आपलं नाव कानावर पडलं की ती जरा ताठ चालायची.

मी चौथी होऊन घरी बसले होते. गावात चौथीच्या पुढं वर्गच नव्हता. माझ्यासारखी शाळा सुटलेली पुष्कळ पोरंपोरी होती. पोरं गुरांमागं, पोरी चुलीमागं. बाईंना येऊन वर्ष झालं नसेल, तर त्यांनी निरोप धाडला की शनिवारची सकाळची शाळा सुटली की ज्यांची शाळा आधीच सुटलीय त्यांनी शाळेच्या ओट्यावर यायचं. कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गेले. पाटलांच्या भावकीतल्या पांडूतात्यांची नात पार्वती आली. खालच्या आळीची सखू आली. सखूच्या आळीनं नुकताच बुद्धाचा धर्म घेतला होता, गाव मात्र अजून जुन्याच नावानं बोलायचं. ती ओट्याखाली उभी राहिली. बाई म्हणाल्या, "वर ये, मान दुखेल माझी तुझ्याकडं बघून." ती वर आली. पार्वती जरा सरकून बसली. जागा करायला सरकली की लांब व्हायला, हे तेव्हा तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाईंनी सूप पुढ्यात घेतलं आणि त्या तांदूळ निवडायला लागल्या. मान खाली. म्हणाल्या, "गावात तुम्हाला काय खुपतं?"

 पोरांना असं कुणी विचारलेलं नव्हतं. बाई खडे काढत राहिल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, "वढ्याकडची वाट लई वंगाळ हाय." बाईंनी मान वर न करता विचारलं, "हं, मग?"

हे त्यांचं 'हं, मग?' पुढं आम्ही हजारदा ऐकलं. दुसरं काही त्या बोलायच्याच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखावं म्हटलं तर चेहरा सुपात. सूप त्या मुद्दाम घ्यायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

तर आम्ही ओढ्याची वाट करायला घेतली. मोठ्या उत्साहानं माती टाकली, धोपटली, शेणानं सारवलीसुद्धा. पहिल्या मोठ्या पावसात ती सगळी वाहून ओढ्यात गेली. गाव आठवडाभर हसलं. शनिवारी आम्ही तोंडं पाडून ओट्यावर बसलो. पार्वतीनं विचारलं, "बाई, माती ऱ्हात न्हाई हे तुमाला म्हाईत हुतं का?"

"होतं थोडंसं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं, तर पुढचं कामही मलाच विचारून केलं असतंत," बाई म्हणाल्या. "आता सांगा, माती का राहिली नाही?"

आम्हाला राग आला होता. रागारागातच आम्ही बोलायला लागलो. उतार कसा आहे, पाणी कुठून येतं, खाली दगड बसवायला हवे होते. सूर्य कलला तरी बोलत होतो. पुढच्या उन्हाळ्यात तीच वाट दगडांची केली, ती पुष्कळ वर्षं टिकली.

पण बाईंची खरी आठवण आहे ती विहिरीची.

आमची विहीर पायविहीर होती. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि घागर बुडवायची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की बायाबापड्या घोट्याघोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून भरायच्या. आणि गावात नारू होता. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते माहीत नाही, आणि त्यांना माहीत नाही याच्याइतकं दुसरं समाधान मला नाही. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनामहिना अंथरुणाला खिळायचं. आणि हे सगळं नेमकं पेरणी-लावणीच्या तोंडावर. लोक म्हणायचे, देवीचा कोप आहे. त्या वर्षी लावणीच्या वेळी माझी आई आडवी होती. मी आणि माझी चुलती चिखलात वाकून रोपं लावत होतो आणि ओसरीवरून आईचं कण्हणं ऐकू येत होतं.

शाळेत देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांना बाईंनी नारूबद्दल विचारून घेतलं होतं. बाईंनी आम्हाला सांगितलं ते असं: नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. तेच पाणी आपण पितो. आणि साधारण वर्षानं आपल्या पायातून नारू निघतो. एवढं सांगून त्या पुन्हा सुपाकडं वळल्या.

"म्हंजी," मी म्हणाले, "पाण्यात पायच न्हाई घातला तर?"

"हं, मग?"

मग पायऱ्या बंद करायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा आणि पाणी दोरानं शेंदायचं. पोरांनी दगडांचं अंगावर घेतलं, आम्ही वाळूचं. गावातला गवंडी मदतीला तयार झाला. सिमेंट मात्र तेव्हा परवान्याशिवाय मिळत नसे. त्यासाठी पौडाला तालुक्याच्या कचेरीत जायला हवं. आम्ही म्हणालो, बाई, तुम्ही जा. बाई म्हणाल्या, "मला शाळा आहे."

पार्वती, सखू आणि मी गेलो. एकटीनं पिरंगुटाच्या पुढं आमच्यातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून उभ्या. शेवटी एका कारकुनानं आत बोलावलं. चांगला माणूस होता, पण त्याला आमचं काही खरं वाटेना.

"तुमच्या बाई कुठायत?"

पार्वतीनं मान खाली घातली. मी दाराकडं बघायला लागले. सखू म्हणाली, "बाई साळंत हायेत. हीर आमची हाय."

कारकून हसला, खुर्चीवरून उठून साहेबांकडं गेला आणि परवान्याचा कागद घेऊनच आला. परतताना आम्ही तिघी रस्ताभर तेच वाक्य एकमेकींना म्हणून दाखवत होतो. हीर आमची हाय. पिरंगुटाच्या जवळ आलो तशी सखू चालता चालता थांबली. पार्वतीनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "आमची कुटं हाय?"

खरंच होतं. तिच्या आळीला त्या विहिरीच्या पायऱ्या बंद होत्या. त्या बाया ओढ्यातल्या झऱ्यावर भरायच्या. उन्हाळ्यात झरा आटला की विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर तिनं वरून ओतायचं.

पुढच्या शनिवारी ही गोष्ट ओट्यावर आली. पार्वती म्हणाली, "त्यांच्यासाटी आमी शेंदू की. रोज वतू."

"आन तुमची लगनं झाल्याव?" सखू म्हणाली. "आमी जाणार परत वढ्याला. तितं बी नारू हाय. तुमची पोरं गुरांमागं येत्यात ती बी तितंच पित्यात. मग ह्या हिरीला कठडा बांधून काय उपेग?"

 सुपातला तांदूळ कधीचा निवडून झाला होता, तरी बाई बोटं फिरवत होत्या. मला वाटलं, आता तरी या काही म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. आज समजतं, त्या म्हणाल्या असत्या तर गावानं त्यांची बदली करून घेतली असती आणि विहीर होती तशी राहिली असती.

पार्वतीच शेवटी म्हणाली, "मग दोर समद्यांनी वडायचा."

बाईंनी तेव्हा मान वर केली. "तुळसाची," त्या म्हणाल्या, "घरी तात्यांना काय सांगशील?"

"म्हाईत न्हाई," पार्वती म्हणाली. पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

फाल्गुनात कठडा झाला, रहाट बसला. आम्ही ठरवलं की उन्हाळाभर आमच्यातल्या दोघीदोघींनी विहिरीवर थांबायचं आणि येईल त्याला पाणी शेंदून द्यायचं. कुणाचाही पाय पाण्यात जाऊ द्यायचा नाही. सखूची आळीही तिथंच भरणार. पार्वतीनं आपली जोडी सखूशी लावून घेतली. त्या दोघींच्या दिवशी निम्म्या गावच्या बाया घागरी घेऊन यायच्याच नाहीत, आदल्या दिवशीच जास्तीचं भरून ठेवायच्या. सखू रिकाम्या रहाटापाशी बसून राहायची. बाई मात्र नेमक्या त्याच दिवशी आपली कळशी घेऊन यायच्या, भरून झाली की तिथंच उभ्या राहून ओंजळभर पाणी प्यायच्या आणि शाळेत जायच्या. एवढंच. पण गाव बघत होतं.

आणि वैशाखात नारू निघाला.

बाईंनी आधीच सांगितलं होतं की या वर्षी नारू निघणारच, कारण तो गेल्या उन्हाळ्यात पोटात गेलेला आहे. कठड्याचा गुण पुढच्या वर्षी दिसेल. आम्ही ते गावाला सांगून सांगून थकलो. पण ठणकणारा पाय घेऊन बसलेल्या माणसाला पुढचं वर्ष काय सांगणार? लोक म्हणायला लागले, पोरींनी देवीची वाट अडवली, विहीर बाटवली, म्हणून कोप वाढला. आणि त्यातच पांडूतात्यांच्या पायाला फोड आला.

तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस. तापट, पण लबाड नव्हे. नारूची आग झाली की पाय गार पाण्यात सोडून बसायचं, हा सगळ्यांचाच जुना उपाय होता. त्या दिवशी सकाळी तात्या काठी टेकत, लंगडत विहिरीवर आले. बरोबर दोन गडी, त्यांच्या खांद्यावर पहारी. रहाटावर पार्वती आणि सखू होत्या. मी माझी घागर घेऊन आले होते.

"बाजूला व्हा," तात्या म्हणाले. "पायऱ्या मोकळ्या करायच्या हायेत."

कुणीतरी शाळेत पळालं. बाई धावत आल्या, हाताला खडू तसाच. आल्या आणि रहाटापासून थोड्या लांब, माझ्या शेजारी थांबल्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. तात्याही.

"मास्तरीणबाई, सांगा ह्यांना," तात्या ओरडले.

बाई म्हणाल्या, "तात्या, विहीर त्यांनी बांधलीय. त्यांच्याशी बोला."

आवाज शांत होता. पण मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या बोटांत खडूचा भुगा झालेला मी पाहिला.

पार्वती पुढं झाली. आजोबांसमोर ती घरात कधी मान वर करून बोलली नसेल. 

"आबा, पाय हितं न्हाई बुडवायचा."

"मरू का मग मी?"

"न्हाई मरत. तुमी हितं बसा, त्या दगडाव. मी पाणी आणते."

तिनं लांबच्या दगडाकडं बोट दाखवलं, जिथून सांडलेलं पाणी विहिरीकडं न येता शेताकडं जाईल. गडी पहारी घेऊन तात्यांच्या तोंडाकडं बघत होते. तात्यांनी एक पाऊल टाकलं आणि कळ मस्तकात गेली असावी, ते मटकन त्या दगडावरच बसले. पार्वती पळत जाऊन घरचं घंगाळ घेऊन आली. सखूनं पोहरा सोडला. रहाट करकरला. पार्वतीनं पाणी नेऊन घंगाळात तात्यांच्या पायावर ओतलं. तात्यांनी डोळे मिटले. दुसरा पोहरा आला, तिसरा आला. म्हाताऱ्याचा चेहरा सैल पडत गेला.

मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "दोर कोन वडतंय?"

 पार्वती म्हणाली, "सखू."

  खालच्या आळीच्या बाया घागरी उचलून मागं सरकल्या. तात्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. ते कळ थांबल्याचं होतं की आणखी कशाचं, मला नाही सांगता येणार.

"वत," ते म्हणाले. "आनखी वत."

गडी पहारी घेऊन परत गेले. बाई शाळेकडं वळल्या.   त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला त्यांचा सूर नेहमीपेक्षाही वाईट लागला होता, असं माझा धाकटा भाऊ घरी येऊन सांगत होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधीच बाईंची बदली झाली. कुणी करवली नव्हती, नोकरीतली सरळ बदली होती. मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीवर. जाताना त्यांनी आम्हाला उपदेश केला नाही. फक्त एवढं म्हणाल्या, "उन्हाळ्यात काय होतं ते कळवा."

तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. कुणी पाय खाजवला तरी आम्ही धावत जाऊन त्याचा पाय बघायचो. चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात पेरण्या झाल्या. माझी आई उभ्या पावसात लावणीला आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची ओळ माझ्या पुढं होती. गावात एकाच्याही पायातून नारू निघाला नाही. वरच्या आळीत नाही आणि खालच्याही नाही.

लावणी उरकली तसे तात्या पार्वतीला म्हणाले, "जाऊन सांगा त्या बाईला. पोस्टानं नको, तुमी सोता जा." आणि त्यांनी पिशवीभर आंबेमोहर बांधून दिला. तिघी जाणार म्हटल्यावर म्हणाले, "सखूला बी हितनंच जेवून जाऊ द्या."  पार्वतीच्या आईनं तीन ताटं वाढली.

पौडापर्यंत एस.टी., पुढं पायी. मुळशीकडचा पाऊस तो, घोंगडी असून नसून सारखी. दुपार टळून गेल्यावर आम्ही त्या वाडीत पोचलो. शाळा म्हणजे देवळाची पडवी. बाई शिकवत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं, चालू पाढा पुरा केला आणि मग आल्या. आणखी वाळल्या होत्या.

"काय झालं?"

"न्हाई निघाला," मी म्हणाले.

"कुणालाच?"

"कुनालाच न्हाई."

त्यांनी सखूकडं पाहिलं. "तुमच्याकडं?"

"न्हाई, बाई. कुनाला बी न्हाई."

बाई वळून फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. फळ्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ पुसत राहिल्या. मुलं आमच्याकडं आणि आम्ही मुलांकडं बघत होतो.

मी आता म्हातारी झाले. पुढं सासरी, जवळच्याच चांदे गावी, मी ग्रामपंचायतीत निवडून गेले. पार्वतीनं तिच्या गावात पोरींसाठी सातवीपर्यंतची शाळा आणवली. सखू नर्स झाली आणि कुठल्या कुठल्या गावांतून हिंडली. आमच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मला अवघडल्यासारखं होतं. कुठं काय बोलायचं हे बाईंनी आम्हाला कधीच शिकवलं नाही. त्या फक्त थांबल्या. पोरांसाठी एवढं थांबणारं माणूस मला नंतर भेटलं नाही. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले, कारण त्या दिवशीही त्यांनी त्याला वेळ दिला नाही.

त्या फळ्यापासून वळल्या, डोळे पुसले आणि मुलांना म्हणाल्या, "ह्या तुमच्या पाहुण्या. इथं आपण डबक्यातलं पाणी पितो ना? ह्यांच्या गावातही तसंच होतं. ऐका काय सांगतात ते." आम्ही तिघी एकमेकींकडं बघायला लागलो. बाईंनी मुलांना सरकायला सांगितलं आणि त्या त्यांच्यातच, ओलसर जमिनीवर मांडी घालून बसल्या. एक शेंबडं पोर लगेच त्यांच्या मांडीत शिरलं.

बाहेर पाऊस कोसळत होता. सखूनं घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. बाई मला दिसल्या त्या शेवटच्या अशा: मुलांच्या घोळक्यात, त्या पोराच्या डोक्यावर हनुवटी टेकून, तोंड किंचित उघडं, जणू ही गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.